नुसती सावळी पात्रं मोजून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत किशोरवयीन वाचकांसाठीच्या समलिंगी प्रेमकथांवर पानभर लेख आला. या विषयाला पुस्तकांच्या पानावर जागा मिळाली, याचा बडोद्यात मुलांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या आम्हा काही जणांना आनंद झाला. पण ‘या इंग्रजी पुस्तकांनी वर्णभेदाचा प्रश्न केव्हाच निकालात काढला, आता त्यात सगळ्या रंगांची मुलं आहेत’ हा लेखाचा निष्कर्ष घाईचा वाटला. शिवाय दोन चुका राहून गेल्या आहेत. त्या आधी दुरुस्त करतो, कारण बाकीचं म्हणणं त्यांतूनच निघतं.

पहिली चूक. अदिबा जयगीरदार यांच्या ‘द हेना वॉर्स’ (२०२०) या कादंबरीतली निशात भारतीय नाही. ती आयर्लंडमध्ये वाढलेली बांगलादेशी मुसलमान मुलगी आहे. जिच्यावर तिचा जीव जडतो ती फ्लाविया ब्राझिली-आयरिश आणि कृष्णवर्णीय आहे. मेंदी काढणारी मुलगी दिसली की ती भारतीय ठरवून मोकळं व्हायचं, नेमकं हेच गोरा समीक्षक करतो तेव्हा आपल्याला राग येतो. आणि हा तपशील वगळला की कादंबरीच उरत नाही. शाळेतल्या व्यवसायस्पर्धेत दोघी मेंदीचाच धंदा मांडतात. निशातसाठी मेंदी घरातून आलेली गोष्ट आहे आणि फ्लावियासाठी ती एक सुंदर नक्षी आहे. भांडण तिथं आहे आणि प्रेमही तिथंच. दोघीही गोऱ्या नाहीत, तरी एकीकडून दुसरीवर अन्याय होऊ शकतो, हे या पुस्तकाचं खरं मोल.

दुसरी चूक, ‘हे सगळं गेल्या दहा वर्षांतलं’ हे विधान. किशोरांसाठीच्या अमेरिकी कादंबरीत समलिंगी ओढ १९६९ पासून येते आहे. रोझा गाय या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या लेखिकेची ‘रूबी’ १९७६ ची. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या दोन कृष्णवर्णीय मुलींची ती गोष्ट. म्हणजे सुरुवात अगदीच गोरी नव्हती. पुढं बराच काळ या वाटेनं फार थोडे गेले, आणि त्याचं कारण लेखकांच्या मनापेक्षा प्रकाशनाच्या व्यवहारात शोधावं लागतं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्रानं १९८५ साली मोजदाद सुरू केली, तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० बालपुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं होती १८. एकूणच दार इतकं चिंचोळं, तर त्यातून समलिंगी प्रेमकथा घेऊन कितीजण आत शिरणार?

मोजदादीचा विषय निघालाच आहे, तर तिची मर्यादाही मोजणाऱ्यांनीच दाखवून दिलेली आहे. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ च्या आपल्या गाजलेल्या लेखासाठी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ अमेरिकी बालपुस्तकं तपासली. मजकुरात किंवा चित्रात कुठंही कृष्णवर्णीय माणूस दिसतो अशी ३४९ निघाली, म्हणजे ६.७ टक्के. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. यांतली त्या काळच्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गोष्ट सांगणारी किती, असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं एकूण पुस्तकांच्या ०.८ टक्के. बाकीची पात्रं मागच्या काळात, परदेशात किंवा चित्राच्या कोपऱ्यात होती. आपल्या लेखानं ६.७ पर्यंतचा हिशेब केला आहे. आमचं म्हणणं पुढच्या ०.८ बद्दल आहे.

आता सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. बेकी अल्बर्टॅली यांची ‘सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा’ (२०१५), जिच्यावर २०१८ मध्ये ‘लव्ह, सायमन’ हा चित्रपट निघाला. सायमन गोरा आहे. ‘ब्लू’ या टोपणनावानं त्याला ईमेल करणारा मुलगा शेवटी ब्राम निघतो, आणि ब्राम कृष्णवर्णीय आहे. आपण ब्लूला मनातल्या मनात गोरा धरून चाललो होतो, हे सायमनच्या लक्षात येतं. लेखिकेचा हेतू चांगला आहे आणि तो साधलाही आहे. पण रचनेची किंमत पाहा. ब्लू कोण हे रहस्य टिकवायचं, तर ब्रामचं घर, त्याचे आईवडील, दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय आणि समलिंगी असण्याचं दुहेरी ओझं, यातलं फारसं काही आधी दाखवताच येत नाही. पडदा उघडतो तेव्हा गोष्ट संपत आलेली असते. जे शिकायचं ते सायमन शिकतो, ब्राम त्याला बक्षीस मिळतो. पुस्तक वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही, ते आमच्याही शेल्फावर आहे. मात्र ‘यात कृष्णवर्णीय नायक आहे’ अशी त्याची नोंद आम्ही करत नाही.

हाच प्रश्न आपल्याकडच्या पुस्तकांना लावून पाहा. भारतात इंग्रजीत लिहिलेल्या दोन किशोर-कादंबऱ्या २०१४ साली आल्या, हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ आणि पायल धर यांची ‘स्लाइटली बर्न्ट’. पहिलीत मुस्कानची कहाणी तीन वर्गमित्र सांगतात, आलिया, प्रतीक आणि सुभोजॉय. मुस्कान स्वतः निवेदक नाही. दुसरीत साहिल समलिंगी आहे हे आपल्याला त्याची मैत्रीण कोमल सांगते. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा उभं केलं होतं, ते दिवस आठवले की ही आडून बोलण्याची तऱ्हा समजते. ती तेव्हा धाडसाचीच होती. पण हे संबंध गुन्हा नाहीत असं सांगणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतरही नव्या हस्तलिखितांत तीच तऱ्हा दिसते. समजूतदार मैत्रीण सांगते, ज्याचं प्रेम तो गप्प.

आणखी एक अडचण घराची, आणि आमच्या मते सगळ्यात अवघड. गोऱ्या नायकाच्या घरी आईवडील गोंधळतात, दोन प्रकरणं अवघडून बसतात आणि मिठी मारतात. सावळ्या नायिकेच्या घरी मारहाण, कोंडून ठेवणं आणि लग्न. सबिना खान यांच्या ‘द लव्ह अँड लाइज ऑफ रुखसाना अली’ (२०१९) मध्ये सिएटलच्या मुलीला आईवडील बांगलादेशात नेऊन तिचं लग्न लावू पाहतात, आणि तिची प्रेयसी गोरी आहे. असं प्रत्यक्षात घडतं. लेखिका स्वतः बांगलादेशी मुळांची आहे आणि हे सांगण्याचा तिला पुरेपूर हक्क आहे. बिघडतं ते शेल्फावर तेवढं एकच पुस्तक असलं की. बडोद्यातली पंधरा वर्षांची वाचक त्यातून एवढंच उचलते की सुटका म्हणजे गोरी मैत्रीण आणि परदेशी विद्यापीठ. म्हणून त्याच्या शेजारी ‘अ‍ॅरिस्टॉटल अँड दान्ते डिस्कव्हर द सिक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स’ (२०१२) ठेवावं लागतं. बेंजामिन अलिरे साएन्झ यांनी १९८७ च्या एल पासो गावात दोन मेक्सिकन-अमेरिकन मुलं उभी केली. तिथं मुलाला स्वतःचं मन कळायच्या आधी त्याच्या आईवडिलांना ते कळतं, आणि तेच त्याला बोलतं करतात. तिसरं पुस्तक मलिंडा लो यांचं ‘लास्ट नाइट अ‍ॅट द टेलिग्राफ क्लब’. २०२१ चं अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड त्याला किशोरसाहित्यासाठी मिळालं. १९५४ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या लिली या चिनी-अमेरिकन मुलीच्या घरात भीती आहे, पण ती संस्कृतीतून आलेली नाही. कम्युनिस्ट ठरवून चिनी कुटुंबांना देशाबाहेर काढण्याचा तो काळ, वडिलांची कागदपत्रं सरकारनं काढून घेतलेली. अशा घरातल्या मुलीनं पोलिसांच्या नजरेत भरणं म्हणजे काय, हे कळलं की आईवडिलांचा कठोरपणा खलनायकी राहत नाही. ही तीन पुस्तकं वेगवेगळी वाचायला देऊ नयेत, एकत्र द्यावीत.

मुखपृष्ठांबद्दल थोडक्यात. २००९ मध्ये जस्टिन लार्बालेस्टियर यांच्या ‘लायर’च्या अमेरिकी आवृत्तीसाठी आधी गोऱ्या, सरळ लांब केसांच्या मुलीचं छायाचित्र निवडलं गेलं होतं. निवेदक मुलगी मात्र मिश्रवंशी, आखूड केसांची. ओरड झाली आणि चित्र बदललं. आता रेखाटलेली मुखपृष्ठं आली आहेत, तरी मजकुरातला रंग आणि चित्रातला रंग ताडून पाहावाच. आतल्या वर्णनांचंही तसंच. सावळ्या पात्राची कातडी कॉफी-चॉकलेटची आणि गोऱ्याच्या रंगाचा उल्लेखच नाही, असं आढळलं की कुणाला गृहीत धरलं आहे ते कळतं. मराठीत ‘सावळी असली तरी रेखीव’ हा ‘असली तरी’ किती मुरलाय, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

पुस्तक कसं तपासायचं, हे लेखात असायला हवं होतं. आम्ही वापरतो ती रीत साधी आहे आणि एका पुस्तकाला साधारण दोन तास लागतात. पहिली ३० पानं, मधली २० आणि शेवटची २० वाचायची. कागदावर नाव असलेल्या पात्रांची यादी करायची. गोऱ्या नसलेल्या प्रत्येक पात्रासमोर (भारतीय पुस्तक असेल तर दलित, आदिवासी, मुसलमान, ईशान्येकडच्या पात्रासमोर) पाहायचं की त्याचं घर आतून दिसतं का, पालकांना नावं आहेत का, नायकाशी संबंध नसलेली त्याची स्वतःची काही इच्छा आहे का, नायक हजर नसलेला एखादा प्रसंग किंवा संवाद त्याच्या वाट्याला येतो का, आणि शेवटच्या २० पानांत तो जिवंत, गावात आणि प्रेमात आहे का. पाचांपैकी तीन नसतील तर ते पात्र सजावटीचं समजायचं. निवेदन प्रथमपुरुषी असेल तर चौथी कसोटी सैल करावी लागते, नाहीतर चांगली पुस्तकं उगाच बाद होतात. सर्वाधिक फसगत होते ती मलपृष्ठावरच्या मजकुरावर विसंबल्यानं. ‘विविधतेनं नटलेलं’ असं तिथं छापलेलं असलं की बहुधा आत एक मित्र असतो आणि तो सल्ले देतो.

खरेदीचं प्रमाण असं ठेवावं. वाचकांत फिरवायच्या एका पेटीत १२ पुस्तकं धरली तर किमान ४ मध्ये निवेदक गोरा नसावा, किमान २ मध्ये प्रेम करणारे दोघंही गोरे नसावेत, २ भारतीय असावीत, आणि निदान १ निखळ आनंदाचं. लेआ जॉन्सन यांचं ‘यू शुड सी मी इन अ क्राउन’ (२०२०) या शेवटच्या जागेसाठी उत्तम. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या लिझला प्रॉमची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या नाचसमारंभाची, राणी व्हायचं आहे, ते मुकुटासोबत शिष्यवृत्ती मिळते म्हणून. रंग, पैसा आणि दुसऱ्या मुलीवरचं प्रेम एकाच स्पर्धेत गुंतलंय आणि गोष्ट हसत हसत पुढं जाते. त्याच वर्षीच्या केसेन कॅलेंडर यांच्या ‘फेलिक्स एव्हर आफ्टर’मध्ये कृष्णवर्णीय, क्वीअर आणि ट्रान्स असलेल्या फेलिक्सला वाटतं, की इतकी वेगळेपणं एकत्र आली तर आपल्यावर कुणी प्रेम करेल का. हे पुस्तक थोड्या मोठ्यांना, १६ च्या पुढं. आयात पेपरबॅक साधारण ४०० ते ७०० रुपयांना पडते, त्यामुळं आंधळी खरेदी परवडणारी नाही.

पेटी म्हटल्यावर बडोदेकरांना आठवण करून द्यायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं आणि फिरत्या पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी पोचवली. तीच सोय आजही सोयीची आहे.

आता मराठीकडे. लेखात सुचवलं आहे की मराठीत वंशाचा प्रश्न नाही, आपण जात घ्यावी. अर्धं पटतं. वंशाचा प्रश्न नाही हे बडोद्यात बसून म्हणणं विचित्र आहे. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला आफ्रिकी वंशाचे सिद्दी पिढ्यान् पिढ्या राहतात, इथल्या विद्यापीठांत आफ्रिकी देशांतली आणि ईशान्येकडची मुलं शिकतात, आणि त्यांना खोली भाड्यानं मिळायला काय होतं ते कुणालाही विचारावं. आणि ज्या शहरात १९१७ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, तिथं प्रेमकथेतली भाड्याची खोली हा साधा तपशील कसा असेल? दोन मुलांना एकत्र राहायला खोली शोधावी लागते, आणि घरमालक आडनाव विचारतो. इथं गोष्ट सुरू होते.

पण अमेरिकी पुस्तकातल्या कृष्णवर्णीय मुलाच्या जागी दलित मुलगा बसवला की काम झालं, असं मानणारी हस्तलिखितं फसतात. कारण यंत्रणा वेगळी आहे. तिथं रंग पात्राच्या आधी खोलीत शिरतो. तो लपत नाही, लपतं ते प्रेम. आपल्याकडे जातही बऱ्याचदा लपवता येते आणि मग उघडी पडते. हजेरीत आडनाव पुकारलं जातं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रकाना असतो, शिष्यवृत्तीची यादी सूचनाफलकावर लागते, डबा उघडला जातो. म्हणजे मराठी किशोर प्रेमकथेत एकाच मुलाकडे दोन गुपितं असू शकतात, आणि कोणतं आधी सांगायचं हा त्याचा पेच असतो. समलिंगी आहे हे ऐकून मिठी मारणारा मित्र आडनाव कळल्यावर हात मागे घेईल का? हा प्रसंग आम्हाला कुठल्याही भाषेतल्या किशोर-कादंबरीत अजून वाचायला मिळालेला नाही. मराठीत विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) आहे, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) आहे. दोन्ही मोलाची, पण ती मोठ्यांसाठीची आहेत. १४ ते १८ च्या वाचकासाठी लिहिलेली अशी मराठी प्रेमकथा आमच्या शेल्फावर आजही नाही.

शेवट कसा करावा, हेही लिहिणाऱ्यांनी ठरवून घ्यावं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, त्यामुळं लग्नाच्या मांडवात गोष्ट नेता येत नाही. पण १७ वर्षांच्या मुलांच्या गोष्टीत लग्न हवंच कशाला? प्रॉमच्या जागी आपल्याकडे गरब्याचं मैदान आहे. नऊ रात्री, खेळैयांचे वेगळे पास, मुलामुलींचे वेगळे दर, दारावर ओळखपत्र, मुलींची चणियाचोळी घालायची की मुलांचं केडियू हा प्रश्न, आणि कुणाला आत सोडायचं यावरून दरवर्षीचे वाद. धर्म, पैसा, लिंग, सगळं त्या एका फाटकावर उभं असतं. बडोद्याच्या लेखकांनी हे फाटक अजून मराठीत आणलेलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

अनुभव नसलेल्या समाजाबद्दल लिहिणाऱ्यांनी हस्तलिखित त्या समाजातल्या वाचकांकडून तपासून घ्यावं. पाश्चात्त्य प्रकाशनात ही पद्धत रुळली आहे, पण आपल्याकडे ती उशिरा आणि फुकटात उरकली जाते. अक्षरजुळणी झाल्यावर दाखवलं तर फक्त शब्द बदलतात, प्रसंग बदलता येत नाहीत. दुसऱ्या खर्ड्यानंतरच द्यावं. वाचक किमान दोन असावेत, कारण एका माणसाच्या डोक्यावर अख्खा समाज ठेवणं बरं नव्हे. तीन आठवडे द्यावेत, मानधन आधी ठरवावं, ‘कसं वाटलं’ असं मोघम न विचारता नेमके प्रश्न लिहून द्यावेत. घरातली हाक, आडनाव आणि गाव यांचा मेळ, देव्हारा, जेवण, सण. आणि त्या वाचकांचं नाव ऋणनिर्देशात त्यांना विचारल्याशिवाय छापू नये.

लेखात ‘ज्यानं भोगलं त्यानंच लिहावं’ असा आग्रह आहे. त्याची दुसरी बाजू आपल्या वाचकांपुढे यायला हवी. २०१५ मध्ये कोरिन डायव्हिस यांनी ‘ओन व्हॉइसेस’ (ज्या समाजाचं पात्र, त्याच समाजाचा लेखक) हा हॅशटॅग चालवला, तो अशी पुस्तकं शोधायला मदत म्हणून. लवकरच तो लेखकांचं ओळखपत्र तपासायला वापरला जाऊ लागला. वर उल्लेख केलेल्या अल्बर्टॅली यांना २०२० मध्ये सततच्या टीकेनंतर आपण बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांचीही ओढ असलेल्या) आहोत हे जाहीर करावं लागलं. २०२१ मध्ये ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेनं ती संज्ञा वापरणं थांबवलं. ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्यात राहणाऱ्या मराठी लेखकाकडून जात आणि लैंगिकता दोन्ही जाहीर करून घेणं म्हणजे त्याची नोकरी आणि घर पणाला लावणं. संपादकांनी मजकूर तपासावा, लेखकाला चौकशीला उभं करू नये.

ग्रंथालयांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. पुष्कळ लहान वाचनालयांत पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेसोबत सभासद क्रमांक किंवा नाव लिहितात. पुढचा वाचक ते पाहतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कळतं. अशा पुस्तकांवर फक्त परतीची तारीख असावी, क्रमांक वेगळ्या वहीत. वेगळं ‘इंद्रधनुषी’ कपाटही करू नये, कारण त्या कपाटासमोर उभं राहणंच मुलांना जड जातं. लेखकाच्या आडनावानुसार सर्वसाधारण कादंबऱ्यांतच ती लावावीत, आणि सूची दारावर लटकावून ठेवावी, म्हणजे क्रमांक पाहून हवं ते पुस्तक गुपचूप उचलता येतं.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की पुरवणीत पुढच्या वेळी अशा पुस्तकाचं परीक्षण छापताना किमती-पानांच्या चौकटीत तीन ओळी वाढवाव्यात: निवेदक कोण, प्रेम करणारे दोघं कुठल्या समाजातले, आणि कोणत्या वयासाठी. निशातबद्दलची दुरुस्तीही छापावी. आम्ही वापरतो त्या तपासणी-कागदाचा नमुना सोबत जोडला आहे. जागा असेल तर तोही द्यावा.

आपले,
किशोरांसाठी पुस्तकं निवडणारे काही वाचक,
बडोदे